जुनी जिप्सी सांभाळताना: आधी गाडीखाली आडवे व्हा

मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या घराचा, प्लग सोडला आणि खाली धरलेल्या डब्यात जे पडलं ते तेल नव्हतं, ताक होतं. करडं, घट्टसर, वर फेस. जुलैत ताम्हिणीच्या अलीकडे एका ओढ्यातून गाडी काढली होती आणि प्लग सोडला तो नोव्हेंबरात. चार महिने बेअरिंगं आणि क्राउन-पिनियन हे आतले गिअर त्या ताकात फिरत होते. चांदणी चौकाच्या चढावर अॅक्सिलरेटर सोडला की मागून 'घुंऽऽ' असा आवाज यायला लागला, तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. त्याच काळात इंजिन ऑइल मी वेळेवर बदललं होतं, एअर फिल्टर झटकला होता, बॉनेटखाली सगळं लख्ख होतं. फिटर लोक डिफरन्शियलला 'डिप्रेशन' म्हणतात. त्या दिवशी मला ते नाव पटलं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय. जुन्या फोर-बाय-फोरचा (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या गाडीचा) घात इंजिनात क्वचित होतो. तो खाली होतो, आणि किलोमीटरपेक्षा पाण्याने होतो. म्हणून हा लेखही गाडीच्या खालून सुरू करतोय.

माझी गाडी २००३ ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी), १२९८ सीसी. जिप्सी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये, ९७० सीसीच्या छोट्या इंजिनासह. १९९६ मध्ये किंग आली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक जिप्सी आता मतदानाच्या वयाला आल्यात किंवा ते ओलांडून गेल्यात. महिंद्राची एमएम ५४० किंवा जुनी थार असली तरी खालचं बरंचसं लागू पडेल, पण पुढचा अॅक्सल वेगळा असतो एवढं लक्षात ठेवा.

वर्षातून दोनदा वेळ काढायचा. एकदा मृगाच्या आधी, म्हणजे मेअखेर. दुसऱ्यांदा पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या आसपास. खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार आपण घालतोच. तो घालण्याआधी गाडी खालून धुतलेली असावी, एवढंच माझं मागणं.

आडवं होण्याआधी

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. कितीही घाई असो, 'दोन मिनिटांचंच काम' असो. दोन दणकट घोड्या (जॅक स्टँड) घ्या, सपाट काँक्रीट शोधा, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी घोडीवर बसली की खाली जाण्यापूर्वी तिला बाहेरून जोरात हलवून पाहा. हललीच तर ती तुम्ही बाहेर असताना हललेली बरी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे आणि सेक्रेटरींना तेलाच्या डागांचं वावडं आहे, त्यामुळे माझी मोठी कामं मुळशीजवळ एका मित्राच्या शेतघरी होतात. ज्यांना अशी सोय नाही त्यांनी ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारावं. रविवारी त्याची कोपऱ्यातली जागा बरेचदा रिकामी असते.

चार तेलं

जिप्सीच्या खाली चार ठिकाणी तेल असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी), पुढचं डिफरन्शियल आणि मागचं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर मिळून साधारण दोन लिटर, दोन्ही डिफरन्शियल मिळून साडेतीनच्या आसपास. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, कारण हायपॉइड गिअरचे दाते एकमेकांवर घासत फिरतात. गिअरबॉक्सला जीएल-४ घाला. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या, पितळी रिंगांना खातात. 'सगळीकडे एकच टाका, काही होत नाही' असं सांगणारा फिटर भेटेल. होतं, पण त्याच्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी होतं.

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा. गरम तेल पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर पडतं. मग सपाट जागेवर उभी करा आणि पहिल्यांदा वरचा, तेल भरायचा प्लग सोडा. खालचा नाही. वीस वर्षांच्या गाडीत हे प्लग गंजून धरलेले असतात. खालचा सोडून तेल सांडवलं आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. वरचा निघाला की मगच खालचा.

आता तेल वाचायचं. स्वच्छ पांढऱ्या डब्यात धरा आणि उन्हात न्या. काळसर पण पारदर्शक असेल तर वयाने काळं झालंय, काळजी नाही. प्लगच्या चुंबकाला राखाडी लेप असणं नेहमीचंच, पण बोटांत चुरल्यावर कण टोचत असतील किंवा कपचा निघाला असेल तर ते घर उघडावं लागणार. गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा झिजताहेत. आणि ताक दिसलं तर पाणी. अशा वेळी महागडं तेल लगेच भरू नका. आधी साधं, त्याच दर्जाचं स्वस्त तेल भरा, वीस-तीस किलोमीटर हळू फिरा, काढा. अजून दुधाळ असेल तर पुन्हा एकदा. मग चांगलं. मला तीनदा करावं लागलं आणि बेअरिंगं तरीही बदलावी लागलीच.

तेल भरताना मापाच्या भानगडीत पडू नका. वरच्या भोकातून बाहेर ओघळायला लागलं की भरलं. तांब्याचा वॉशर नवा टाका. काढलेलं तेल गटारात ओतू नका, ते मुठा नदीत जातं. जुनं ऑइल गोळा करून नेणारे लोक बहुतेक गॅरेजांत येतात, त्यांच्या पिंपात टाका.

पाणी शिरतं कसं, हेही समजून घ्या. घाट चढून आलेलं डिफरन्शियल चांगलं तापलेलं असतं. ते थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा झटकन आकसते आणि घर बाहेरचं काहीतरी आत ओढतं. हवा ये-जा करायला अॅक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो. तो पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं. ब्रीदर बुजला तर उलटाही त्रास होतो: गरम हवेचा दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो आणि आपण उगाच सील बदलत बसतो. उपाय अगदी स्वस्त आहे. ब्रीदरला तेलाने न सडणारी नळी लावून ती चासीच्या वर, बॉनेटपर्यंत आणा, तोंड खाली वळवा आणि अॅक्सल वर-खाली होताना नळी ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवा. शिवाय ओढ्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थांबा. चहाला निमित्त होतं आणि तोवर अॅक्सलही थोडा निवतो.

पाण्यातून आल्यावर रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी खालचा प्लग फक्त आटा-दोन आटे सैल करा. पाणी तेलाहून जड असल्यामुळे तळाशी बसतं, म्हणून आत असेल तर पहिले थेंब त्याचेच पडतात. पाच मिनिटांचं हे काम मी त्या जुलैत केलं असतं, तर हा लेख बहुधा वेगळ्या वाक्याने सुरू झाला असता.

पुढची चाकं मान हलवतात तेव्हा

वारज्याच्या पुलावरून बायपासला लागलात, साठ-पासष्टचा वेग आला, एखादा सांधा लागला आणि स्टिअरिंग थडथडा हलायला लागलं. जिप्सीवाल्यांना हा अनुभव नवा नाही. यावर पहिला सल्ला मिळतो तो स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) बदलण्याचा. डॅम्परने थरथर दबते, मूळ दोष तिथेच राहतो. आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या आणि हवेचा दाब बघा. तरीही हलत असेल तर पुढची चाचणी घरी करता येते.

पुढचं एक चाक उचला. एक हात बाराच्या काट्यावर, एक सहाच्या, आणि चाक आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हालचाल गेली तर दोष व्हील बेअरिंगचा. गेली नाही तर किंगपिनची, म्हणजे ज्या खुंट्यांवर चाक डावी-उजवीकडे वळतं त्यांची, बेअरिंगं झिजलीत. मग तीन आणि नऊच्या काट्यावर हात ठेवून हलवताना टाय रॉडच्या (दोन्ही चाकांना जोडून वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकांकडे बघा. दोष तिथे असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसतो.

त्याच वेळी चाकाच्या आतल्या बाजूचा गोळा बघा. तिथे ग्रीस आणि गिअर तेलाचं काळं मिश्रण ओघळलेलं असेल तर अॅक्सलच्या आतलं ऑइल सील गेलंय. डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये (गोळ्याभोवती वळणाऱ्या घरात) येतंय, ग्रीसला पातळ करतंय आणि डिस्कवर जायच्या बेतात आहे. नुसतं बाहेरचं सील बदलून भागत नाही. एका गॅरेजने माझ्याकडून दोन्ही बाजूंचे पैसे घेऊन फक्त बाहेरची रबरं बदलली होती. सहा महिन्यांत पुन्हा तोच ओघळ.

हे काम स्वतः करायचं असेल तर पहिल्यांदा दोन दिवस धरा. गाडी घोडीवर घ्या, पुढच्या डिफरन्शियलचं तेल काढा. चाक, मग कॅलिपर. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने पाट्याला (लीफ स्प्रिंगला) बांधा. हब आणि स्पिंडल काढून अॅक्सल शाफ्ट सरळ बाहेर ओढा. टाय रॉडचं टोक सोडवताना आट्यांवर हातोडा मारायचा नाही. नट शेंड्यापर्यंत आणून ठेवा आणि ज्या डोळ्यात ते टोक बसतं त्याच्या बाजूवर एकाच वेळी दोन बाजूंनी दोन हातोड्यांचे ठोके द्या, सुटतं. मग किंगपिनचे वरचे-खालचे बोल्ट.

इथे जरा थांबा. किंगपिनखाली पातळ शिम (अंतर जुळवायच्या चकत्या) असतात. वरचे वेगळ्या पाकिटात, खालचे वेगळ्या, डावे-उजवे वेगळे, पाकिटावर पेनने लिहून ठेवा. बेअरिंगचा ताण या शिमांवर ठरतो. नकल काढताना खाली हात धरा, खालचं बेअरिंग टपकन पडतं आणि बरोबर मातीत जातं.

सगळं डिझेलने धुवा. गोळ्याच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर नवं सील त्याच खड्ड्यांवर कापलं जाईल. आतलं सील त्याच मापाच्या सॉकेटने चारी बाजूंनी सारखं ठोकून बसवा. किंगपिनची बेअरिंगं बदलताना वाट्याही नव्याच घ्या, जुन्या वाटीत नवं बेअरिंग टिकत नाही. जुळवल्यावर बाहेरचं सील लावण्याआधी नकल हाताने फिरवून बघा. आपोआप पडत असेल तर सैल, दोन्ही हातांनी जोर लागत असेल तर घट्ट. बरोबर मोजायचं तर टाय रॉडच्या भोकात भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचा आणि आकडा वर्कशॉप मॅन्युअलशी ताडायचा, कमी-जास्त असेल तर शिम काढायचे-घालायचे. मग ग्रीस, सीलं, आणि उलट्या क्रमाने वर.

पाटे, क्रॉस आणि बाकीचं

प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद पुढे नेणारे फिरते दांडे, तीन आहेत. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफरपर्यंतचा छोटा शाफ्ट सगळे विसरतात. जिथे जिथे ग्रीसचं निपल आहे तिथे नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ग्रीस मारा, आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा मारा. क्लच सोडताना खालून 'टक्' आवाज येत असेल तर क्रॉस (या शाफ्टचे सांधे) तपासा. पाट्यांचे सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट बघा. पाट्याचे बुश बदलले तर त्यांचे नट शेवटचे घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या. हवेत लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं. मागचे ड्रम वर्षातून एकदा उघडा, आत चिखलाची वडी निघेल. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल शोषत राहतं.

महिन्यातून एकदा फोर-व्हील लावून मातीच्या मैदानात पाचशे मीटर फिरवा. हब लॉक (पुढची चाकं अॅक्सल शाफ्टला जोडणारे-सोडणारे खटके) असतील तर तेही फिरवा. कोरड्या डांबरावर मात्र नाही. जिप्सीत मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळताना शाफ्टना पीळ बसतो.

गंज

पुणे शहरात वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणीत कित्येक पट. पण गंजाला त्या पावसाचीही तेवढी गरज नसते. चासीच्या पोकळीत साचलेला ओला चिखल त्याला पुरतो. चासीला पाणी वाहून जायला भोकं ठेवलेली असतात. पाऊस संपला की तारेने ती मोकळी करा, नळी लावून आत पाणी सोडा आणि स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत सोडत राहा. दिवेआगर-हरिहरेश्वरला जाऊन आला असाल तर त्याच आठवड्यात. आणि समुद्राच्या पाण्यात गाडी घालून फोटो काढणाऱ्यांशी माझं काही बोलणं नाही.

गाडी वाळली की बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जा. मूठ उलटी धरून ठोका: 'टण्' आलं तर पत्रा जिवंत, 'भद्' आलं तर टोक लावून दाबा. आत गेलं तर आजच गेलेलं बरं. बघायच्या जागा: मॅट उचलून पायाखालचा पत्रा, काचेच्या चौकटीचा खालचा कोपरा, मागच्या चाकांच्या कमानी, बॉडी चासीवर टेकते ती रबरं आणि मागच्या पाट्यांचे हँगर.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने चकाकीपर्यंत घासा, उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर, पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. हे उन्हाच्या दिवशी करायचं. वॉशिंग सेंटरवाले जो काळा डांबरी थर मारतात तो गंजावर मारून घेऊ नका. दिसतं छान, पण थराखाली ओल कोंडते आणि पत्रा आतून संपतो. मी जुनी गाडी घ्यायला जातो तेव्हा ताजा काळा थर दिसला की किंमत मनातल्या मनात कमी करतो. जळकं ऑइल फवारण्याची जुनी पद्धतही पाट्यांच्या रबरी बुशांना महागात पडते.

भोक पडलं असेल तर कुजका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून तुकडा जोडायचा. वर ठिगळ लावणं म्हणजे ओलीला घर बांधून देणं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि पेट्रोलची टाकी, नळ्या कुठे आहेत ते वेल्डरला हाताने दाखवा. चासीचं वेल्डिंग मात्र जाणत्या माणसाकडूनच.

बॉनेटखाली, थोडक्यात

'थर्मोस्टॅट काढून टाका हो, पुण्यात कशाला लागतो?' हे वाक्य मी निदान चार गॅरेजांत ऐकलंय. काढू नका. इंजिन थंड राहिलं तर पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. गाडी तापत असेल तर जुना थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या बरंच आधी, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे तो उघडायला लागला पाहिजे. पातेलं नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. बऱ्याचदा दोष त्याचा नसतोच, रेडिएटरच्या जाळीत सुकलेल्या चिखलाचा असतो. आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

टायमिंग बेल्ट कधी बदललाय याचा कागद नसेल तर बदललेला नाही असं समजा. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. वीस वर्षांपूर्वीची रबरी नळी त्यासाठी बनलेली नव्हती. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. एमपीएफआयला दाब पेलणारी इंजेक्शनची नळीच लागते, कार्ब्युरेटरची चालत नाही. गळकी नळी म्हणजे आग. हे एक काम मात्र पुढच्या रविवारवर ढकलू नका.

पार्ट आणि कागद

नाना पेठेत जिप्सीचं बहुतेक सगळं अजून मिळतं. जाताना जुना पार्ट पुसून पिशवीत घालून न्या आणि चासी नंबर लिहून घ्या. कार्ब्युरेटरवाल्या आणि एमपीएफआय गाडीचे काही पार्ट दिसायला सारखे, बसायला वेगळे. सीलं, बेअरिंगं आणि ब्रेकचं सामान ओरिजिनलच. पत्र्याचे आणि रबराचे इतर पार्ट लोकल चालतात. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात पाने आणि सॉकेट स्वस्तात मिळतात, पार्ट मात्र नशिबाचे.

नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण करासह. मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० केलं गेलं. मुदत संपायच्या दोन महिने आधी अर्ज करा. तपासणीला बुलबार (पुढचा लोखंडी कठडा) लावलेली गाडी नेऊ नका. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

काम झाल्यावर

पहिली फेरी घराजवळच, एकट्याने, रिकाम्या रस्त्यावर. ब्रेक आधी उभ्या गाडीत दाबून बघा, मग वीसच्या वेगात. दहा किलोमीटरनंतर उतरून चारही हबांना हात लावा. एखादा इतरांपेक्षा जास्त चटका देत असेल तर तिथे बेअरिंग घट्ट झालंय किंवा ब्रेक धरतोय. पार्किंगमध्ये रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे नट, यू-बोल्ट आणि किंगपिनचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. दोन-तीन तरी पाव आटा घेतातच.